चघळायची गोळी, अर्धी वाटी दही आणि शेंगाचटणी: सोलापुरातील फेनिलकीटोन्युरियाचे एक प्रकरण

या प्रकरणातील मुलगी सहा वर्षांची आहे. तिला आणि तिच्या अकरा वर्षांच्या भावाला फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि दोघा मुलांना येथे थोरला आणि धाकटी एवढेच म्हटले आहे. आहारतज्ज्ञ या नात्याने मी धाकटीच्या जन्मापासून या घराशी जोडलेली आहे. २०२५ च्या जानेवारीपासून धाकटीच्या रक्तातील फेनिलअ‍ॅलॅनिन या प्रथिनघटकाची पातळी चढत गेली आणि दोन महिन्यांत दुपटीच्या वर पोहोचली. तिचे कारण शोधताना माझ्याकडून एक चूक झाली. ‘प्रोबायोटिक’ (आरोग्याला उपयोगी जिवंत सूक्ष्मजीव) या शब्दाचा स्वयंपाकघरात काय अर्थ लावला जातो, हेही मला त्याच शोधात पहिल्यांदा नीट कळले, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

घर आणि आजार

वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत; त्याआधी बरीच वर्षे त्यांनी चादरीच्या जॅकार्ड मागांवर, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागांवर, काम केले. आई घरी शिवणकाम करते. आजीची उमेदीची वर्षे विड्या वळण्यात गेली आणि आता मुलांचे खाणेपिणे बहुतांशी तिच्याच हाती आहे. घरात तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात. आईवडील आतेभाऊ-मामेबहीण आहेत. फेनिलकीटोन्युरियासाठी सदोष जनुक दोन्ही बाजूंनी यावे लागते, आणि दोघेही असे जनुक बाळगून असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. या घरात ती दोन्ही वेळा खरी ठरली.

फेनिलअ‍ॅलॅनिन हे जवळजवळ प्रत्येक प्रथिनात असणारे अमिनो आम्ल आहे. शरीराला ते लागते, परंतु गरजेपुरतेच. उरलेले यकृतातील एक विकर (एन्झाइम) टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लात बदलून टाकते. हे विकर नसेल किंवा दुबळे असेल तर फेनिलअ‍ॅलॅनिन रक्तात साचते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. नॉर्वेतील डॉक्टर अस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये हा आजार ओळखला, तोही एका आईने आपल्या दोन मुलांच्या अंगाला येणाऱ्या विचित्र वासाचा पिच्छा सोडला नाही म्हणून. आपल्या प्रकरणातही वास आहेच. थोरल्याच्या लंगोटांना ओल्या सुताच्या बाचक्यासारखा कुबट वास येई, असे आजी आजही सांगते. पण त्या वासाचा अर्थ कळायला चार वर्षे लागली. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे दोन थेंब गाळणकागदावर घेऊन करायची तपासणी १९६० च्या दशकापासून जगाला ठाऊक आहे, तरी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती नेमाने होत नाही आणि थोरल्याचीही झाली नव्हती. आज तो मोजके शब्द बोलतो, स्वतःच्या हाताने जेवतो आणि संध्याकाळी वडिलांच्या सायकलच्या घंटीचा आवाज ओळखतो. गेलेला काळ आहाराने परत मिळत नाही.

धाकटीची तपासणी थोरल्यामुळेच नवव्या दिवशी झाली. पातळी डेसिलिटरला २२ मिलिग्रॅम होती. त्याच आठवड्यात आहारोपचार सुरू झाला आणि त्यानंतरची सहा वर्षे तिची पातळी बहुतांश काळ २ ते ६ मिलिग्रॅम या इष्ट मर्यादेत राहिली. ती बोलते, भांडते, अंक मोजते.

हा आहार म्हणजे काय, हे सोलापूरच्या ताटात पाहिल्याशिवाय समजत नाही. ढोबळ हिशेब असा की, एक ग्रॅम प्रथिनातून सुमारे ५० मिलिग्रॅम फेनिलअ‍ॅलॅनिन पोटात जाते. धाकटीला दिवसाला साधारण २८० मिलिग्रॅम सोसते, म्हणजे साडेपाच ग्रॅम प्रथिने. ज्वारीच्या पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतच पाच ग्रॅम प्रथिने असतात. एक भाकरी खाल्ली की दिवस संपला. डाळ, दूध, अंडी, मटण यांचा विचारच नको. तिचे पोट भरते ते साबुदाणा, आरारूट, मोजून घेतलेला भात, फळे, काही भाज्या, तूप आणि साखर यांवर, आणि शरीर वाढते ते फेनिलअ‍ॅलॅनिन वगळलेल्या अमिनो आम्लांच्या डब्यातील पावडरीवर. ही पावडर महाग असते, तिचा वास उग्र असतो आणि ती दिवसातून तीन वेळा प्यावी लागते. साबुदाण्याची खिचडी आमच्याकडे शेंगांच्या कुटाशिवाय कोणी करत नाही. या घरात ती करावी लागते. एका पातेल्यात दोन खिचड्या होत नाहीत, म्हणून आई आधी धाकटीची काढून घेते आणि मग कूट घालते.

वाढती पातळी

दर महिन्याला बोटातून रक्ताचे थेंब घेऊन सुकवलेला कागद आम्ही कुरिअरने मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवतो. नोव्हेंबरमध्ये पातळी ४.२ होती, डिसेंबरमध्ये ४.६. जानेवारीअखेरीस ती ७.९ आली. गड्ड्याची यात्रा नुकतीच संपली होती, त्यामुळे जत्रेत काही खाल्ले असेल असे समजून मी फारशी काळजी केली नाही. फेब्रुवारीत १०.८ आल्यावर मात्र पावडरीचे डबे, वजनाचा तक्ता आणि आईची वही घेऊन बसावे लागले.

पातळी वाढण्याची नेहमीची कारणे ठरलेली आहेत. ताप किंवा उपाशीपणा असेल तर शरीर स्वतःचे स्नायू मोडते आणि त्यातले फेनिलअ‍ॅलॅनिन रक्तात येते. धाकटी ठणठणीत होती. पावडर कमी पाजली तर तेच होते. रिकामे डबे मोजले, हिशेब बरोबर निघाला. वाढीचा वेग मंदावला तर सोसण्याची मर्यादा घटते. वजन सतरा किलो होते आणि आलेख सरळ होता. आईची शंभर पानी वही इतकी नेटकी होती की तिच्यावर संशय घेणे अवघड होते.

त्या दिवशी आईने पिशवीतून रुमाल काढताना एक गुलाबी पट्टी खाली पडली. स्ट्रॉबेरीच्या स्वादाच्या, मुलांनी चघळायच्या प्रोबायोटिक गोळ्या होत्या. पुण्यात शिकणाऱ्या धाकट्या काकाने संक्रांतीला येताना आणल्या होत्या. सकाळी एक, रात्री एक. औषध म्हणून दिल्यामुळे आईने त्या आहाराच्या वहीत लिहिल्या नव्हत्या. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात अस्पार्टेम असे छापलेले होते आणि फेनिलकीटोन्युरियाच्या रुग्णांसाठी इशाराही होता.

माझी चूक येथे झाली. अस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग, सुमारे ५६ टक्के, फेनिलअ‍ॅलॅनिनच असतो. शिकवताना हे उदाहरण मी नेहमी देते. इतका ओळखीचा गुन्हेगार हाती लागल्यावर मी आणखी शोध घेतलाच नाही. गोळ्या बंद करा, असे सांगितले आणि समाधानाने फाईल मिटली. हिशेब त्याच दिवशी करायला हवा होता. एका गोळीत वीस मिलिग्रॅम अस्पार्टेम धरले तरी दोन गोळ्यांतून बावीस-तेवीस मिलिग्रॅम फेनिलअ‍ॅलॅनिन जाते. २८० च्या मर्यादेत ते दहा टक्केही नाही. तेवढ्याने पातळी साडेचारवरून अकराच्या घरात जाणे शक्य नव्हते. मार्चचा अहवाल आला: १०.३.

स्वयंपाकघरात

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी दुपारी त्यांच्या घरी गेले. आई शिवणाचे कपडे द्यायला बाहेर गेली होती. आजीने मला पाणी दिले, पंखा माझ्याकडे वळवला आणि मी बसलेली असतानाच धाकटीला हाक मारली. फडताळावर, गॅसच्या शेगडीच्या अगदी बाजूला, त्याच गुलाबी पट्ट्यांची पेटी होती. आजीने एक गोळी तिच्या हातावर ठेवली, ती चघळून होईपर्यंत थांबली, मग स्टीलच्या वाटीत अर्धी वाटी दही घातले आणि वर चमचाभर शेंगाचटणी. धाकटीने चटणी दह्यात कालवली नाही. बोटाने वेगळी उचलून आधी ती खाल्ली.

मी काही बोलण्याआधी आजीच म्हणाली, “गोळी दिल्यावर चालतंय की वो मॅडम. ते जंतूच खातात म्हणं सगळं. आमच्या बारक्यानंच व्हिडिओ दाखवला.”

गोळ्या बंद करण्याचा माझा निरोप आईने सांगितला होता. पण आजीला तो पटला नव्हता, कारण तिच्या लेखी गोळी बंद करणे म्हणजे नातीचे दही बंद करणे होते. ती लपवाछपवीही करत नव्हती. आईला हे माहीत नव्हते ते केवळ दुपारी ती घरात नसे म्हणून. सहा वर्षे जी नात वाटीकडे बघत बसे, तिला चटणी भरवता येते या आनंदात आजीने तीन महिने काढले होते.

हिशेब मी तेथेच केला. शंभर ग्रॅम दह्यात तीन ग्रॅम प्रथिने, म्हणजे दीडशे मिलिग्रॅम फेनिलअ‍ॅलॅनिन. दहा ग्रॅम शेंगाचटणीत अडीच ग्रॅम, म्हणजे सव्वाशे. एकूण पावणेतीनशे. एका दुपारच्या वाटीने दिवसाची सगळी मर्यादा पुन्हा एकदा भरत होती.

काकाने दाखवलेला व्हिडिओ

रविवारी काका सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आले आणि वडिलांची सुट्टीही होती, म्हणून आम्ही सगळे एकत्र बसलो. काकाने तो व्हिडिओ मला दाखवला. तो खोटा नव्हता. फेनिलकीटोन्युरियासाठी एका प्रोबायोटिक जिवाणूत जनुकीय बदल करून तो फेनिलअ‍ॅलॅनिन ‘खाईल’ असा बनवला आहे आणि त्याची माणसांवर अंतिम टप्प्यातील चाचणी सुरू होत आहे, अशी २०२३ मधली बातमी होती. मोबाइलवरून फिरत आलेल्या व्हिडिओला तारीख नसते. काकाने ‘प्रोबायोटिक’ हा शब्द पकडला, औषधाच्या दुकानात प्रोबायोटिक मागितले आणि दुकानदाराने जे होते ते दिले. या साखळीत कोणी फसवले असे म्हणता येत नाही. एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू राहत होत्या, एवढेच.

त्या व्हिडिओतील जिवाणूचे मूळ जुने आहे. पहिल्या महायुद्धात बाल्कन आघाडीवर हगवणीने सैनिक हैराण झाले असताना एक सैनिक मात्र आजारी पडला नाही. जर्मन वैद्यक आल्फ्रेड निसल यांनी १९१७ मध्ये त्याच्या विष्ठेतून ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूचा एक वाण (उपप्रकार) वेगळा काढला. तो ‘निसल १९१७’ या नावाने आजही युरोपात औषध म्हणून मिळतो. अमेरिकेतील सिनलॉजिक या कंपनीने हाच वाण घेतला आणि त्यात फोटोरॅब्डस ल्युमिनेसेन्स या वेगळ्याच जिवाणूचे एक जनुक बसवले. त्या जनुकापासून तयार होणारे विकर फेनिलअ‍ॅलॅनिनचे सिनॅमिक आम्लात रूपांतर करते. पुढे यकृत त्याचे हिप्युरिक आम्ल बनवते आणि ते लघवीवाटे जाते. त्यामुळे जिवाणूने पोटात किती काम केले हे लघवी तपासून मोजता येते, आणि मला या रचनेतली सर्वांत हुशार गोष्ट हीच वाटते. आतड्यातील फेनिलअ‍ॅलॅनिन आत ओढून घेणारी वाहिनीही त्यात वाढवली होती. पाचकरसांबरोबर रक्तातले अमिनो आम्लही आतड्यात उतरत असते, त्यामुळे जेवणाव्यतिरिक्तचे फेनिलअ‍ॅलॅनिनही या जिवाणूच्या तावडीत सापडावे असा हेतू होता.

वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “म्हणजे माग तोच, पण जॅकार्डला त्या डिझाइनचं कार्ड लावलंय. आमच्या गोळीतल्या जंतूला ते कार्डच नाही.” मी वर्षानुवर्षे पालकांना जनुक समजावत आले आहे, यापेक्षा नेमके मला कधी सांगता आलेले नाही. कार्डाशिवाय माग चालतो, कापडही निघते, पण मोर उमटत नाही.

त्यांचा हा धागा धरून आम्ही गोळीचे मोजमाप केले. पट्टीवर एका गोळीत शंभर कोटी जिवाणू असे लिहिले होते. ऐकायला आकडा दणदणीत आहे. पण एका जिवाणूचे वजन ग्रॅमच्या एका लाख-कोटीव्या भागाएवढे धरले तर शंभर कोटींचे मिळून वजन भरते एक मिलिग्रॅम. दोन मिलिग्रॅमची ही फौज, जिच्याकडे ते विकरच नाही, पावणेतीनशे मिलिग्रॅम फेनिलअ‍ॅलॅनिनचे काय करणार? शिवाय प्रथिने पचून निघालेली अमिनो आम्ले लहान आतड्याच्या वरच्या भागात काही तासांतच शोषली जातात. आणि गॅसच्या शेजारी, सोलापूरच्या एप्रिलमध्ये, थंड व कोरड्या जागी ठेवा असे छापलेल्या गोळीत शंभर कोटींपैकी जिवंत किती उरले असतील, हा प्रश्न वेगळाच.

आजीची शंका याहून खोल होती. दूध विरजले की हलके होते, लहान मुलालाही पचते, आंबील तर आजाऱ्यालाही देतात. मग जंतूंनी दुधातले वाईट खाल्ले नाही का? तिच्या म्हणण्याचा अर्धा भाग बरोबर आहे. विरजणातील जिवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात, त्यामुळे दूध न पचणाऱ्यांना दही सोसते. प्रथिनांचेही ते थोडे तुकडे करतात. परंतु तुकडे केले म्हणजे नाहीसे केले असे होत नाही. दुधात जेवढे फेनिलअ‍ॅलॅनिन होते जवळपास तेवढेच दह्यात राहते, आणि ज्वारीच्या पिठात जेवढे होते तेवढेच आंबिलीत. शेंगा कुटल्याने शेंगा कमी होतात का, असे मी विचारले. आजी हसली नाही, पण तिने मान हलवली.

मग तो खरा जिवाणू का आणू नये

काकाचा पुढचा प्रश्न सरळ होता: चूक गोळीची असेल तर खरे औषध मिळवू या, चाचणीत नाव घालू या.

याचे उत्तर देणे मला सर्वांत जड गेले. दुसऱ्या टप्प्यातील अभ्यासात या जिवाणूच्या सुधारित रूपाने, एसवायएनबी-१९३४ ने, उपाशीपोटीची पातळी सरासरी सुमारे एक तृतीयांशाने उतरवली होती, आणि त्या बळावर तिसरा टप्पा सुरू झाला. मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने तो थांबवला. आतापर्यंतच्या निकालांचा आढावा घेतला असता मुख्य उद्दिष्ट गाठले जाण्याची शक्यता दिसत नाही, असे कारण तिने दिले. सुरक्षिततेच्या काळजीमुळे हा निर्णय घेतलेला नाही, असेही सांगितले. म्हणजे काकाने गोळ्या आणल्या तेव्हा तो व्हिडिओ खोटा नसला तरी शिळा झालेला होता.

मोर उमटवणारे कार्ड लावूनही माग का हरला? माझे मत असे की अडचण जनुकात नव्हती, जागेत आणि वेळात होती. फेनिलअ‍ॅलॅनिन तोडणाऱ्या याच प्रकारच्या विकरापासून बनवलेले पेगव्हॅलिएज हे औषध अमेरिकेत २०१८ पासून प्रौढांसाठी मान्य आहे आणि ते रक्तातील पातळी खरोखर खाली आणते. पण ते टोचून दिले जाते, थेट शरीरात काम करते आणि त्याची किंमत म्हणून तीव्र अ‍ॅलर्जीचा धोका पत्करावा लागतो. आतड्यातील जिवाणूला मात्र जठरातील आम्लातून जिवंत सुटायचे असते, अन्न पुढे सरकण्याआधी गाठायचे असते आणि आतड्याच्या भिंतीशी शर्यत लावायची असते. ही शर्यत दोन आठवड्यांच्या अभ्यासात जिंकल्यासारखी दिसणे आणि महिनोन्‌महिने, वेगवेगळ्या माणसांत, वेगवेगळ्या जेवणांवर जिंकत राहणे यांत फरक आहे.

आई तोपर्यंत ऐकत होती. तिने विचारले, “पण मॅडम, असला जंतू पोटात कायमचा राहून बसला असता तर?” मला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, आणि औषध मिळण्याची आशा संपल्यावरही तो विचारला गेला याचे कौतुक वाटले. निसलच्या वाणातून पेशीभित्तिकेसाठी लागणारा एक घटक बनवणारे जनुक मुद्दाम काढून टाकले होते. तो घटक, डायअमिनोपिमेलिक आम्ल, बाहेरून मिळाल्याशिवाय जिवाणूला वाढता येत नाही. त्यामुळे तो येतो, काम करतो आणि काही दिवसांत निघून जातो, म्हणून रोज घ्यावा लागतो. अशी लगाम घालण्याची पद्धत नवी नाही. बेल्जियमच्या संशोधकांनी ताकाच्या विरजणातील लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूकडून दाह कमी करणारे इंटरल्यूकिन-१० तयार करून घेतले, तेव्हा त्याला डीएनएसाठी लागणारे थायमिन किंवा थायमिडिन बाहेरून मिळाल्याशिवाय जगता येणार नाही अशी व्यवस्था केली होती. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराच्या दहा रुग्णांवरचा तो पहिला अनुभव २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या मोठ्या चाचणीत तोही उपचार म्हणून टिकला नाही, पण लगाम टिकला.

उलट उदाहरणही मी तिला सांगितले. मुतखड्यास कारण होणारे ऑक्झलेट आतड्यातच तोडण्यासाठी दुसऱ्या एका कंपनीने आतड्यात राहणाराच जिवाणू निवडला आणि समुद्रशेवाळातील पोर्फिरान ही साखर खायला दिली तरच तो टिकेल अशी रचना केली. बहुतेकांत ती चालली. परंतु माणसाच्या आतड्यात कोट्यवधी इतर जिवाणू आहेत आणि ते आपसांत जनुकांची देवघेव करतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात काही जिवाणूंनी ऑक्झलेट तोडण्याची शक्ती गमावलेली आढळली आणि काहींनी पोर्फिरानची अट झुगारलेली. जो जिवाणू राहायला येतो तो बदलतोही. आपल्याकडे अशा बदललेल्या जिवाणूंच्या वापरावर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांची देखरेख आहे. त्यामुळे असे काही औषधाच्या दुकानातल्या पट्टीत सहज मिळेल, ही कल्पनाच चुकीची होती.

साध्या प्रोबायोटिकविषयी

यावरून प्रोबायोटिक सगळेच निरुपयोगी, असा निष्कर्ष काकाने लगेच काढला, आणि तोही दुरुस्त करावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेल्या व्याख्येत पुरेशा मात्रेत घेतल्यावर आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव असे म्हटले आहे, आणि त्या ‘लाभ’ या शब्दाला आजाराचे नाव जोडल्याशिवाय अर्थ येत नाही. मुलांना प्रतिजैविके दिल्यावर होणाऱ्या जुलाबांबाबत अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी ८ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी १९ टक्के मुलांना त्रास झाल्याचे दिसते. हा फरक लहान नाही. ओडिशातील साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टॅरमच्या एका ठरावीक वाणाने, त्याच्या खाद्यासह दिल्यावर, जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. दुसरीकडे अमेरिका आणि कॅनडातील २०१८ च्या दोन मोठ्या चाचण्यांत, साध्या जुलाबांनी आजारी मुलांना दिलेल्या प्रोबायोटिकचा काहीच फायदा आढळला नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तर हेच जिवाणू क्वचित रक्तात शिरून जिवावर उठू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला.

धाकटीला जुलाब नव्हते, तिने प्रतिजैविके घेतली नव्हती आणि तिच्या आजारासाठी दुकानातील कोणत्याही प्रोबायोटिकने काही केल्याचा पुरावा नाही. त्या पट्टीवर जिवाणूच्या जातीचे नाव होते, वाणाचा क्रमांक नव्हता. वाण माहीत नसेल तर कोणता अभ्यास त्या गोळीला लागू होतो हेच कळत नाही. हे मी काकाला दाखवले आणि त्याने पट्टीचा फोटो काढून ठेवला.

पुढे काय केले

गोळ्या पूर्ण बंद केल्या. दही आणि शेंगाचटणी बंद करणे एवढ्या सहजी होणार नव्हते. धाकटीला आता चव कळली होती. आम्ही दह्याऐवजी आरारूटाची पेज लिंबू आणि जिरे घालून आंबटसर करून पाहिली. ती पहिल्या दिवशी बेसिनमध्ये गेली, चौथ्या दिवशी पोटात. चटणीसाठी आजीने स्वतःच डोके चालवले: लाल मिरची, लसूण, मीठ, भरपूर तेल आणि मोजून अर्धा चमचा सुके खोबरे, शेंगा नाहीत. “ही कसली सोलापुरी चटणी,” असे ती दर वेळी म्हणते आणि दर वेळी करते. खोबऱ्यातही थोडी प्रथिने असतातच. त्यांचा हिशेब आईच्या वहीत धरला आहे.

माझ्या पद्धतीत दोन बदल केले. यापुढे आहाराच्या वहीत औषधे, टॉनिके आणि ‘नुसती गोळी’ही लिहायची, आणि कोणतेही कारण सापडले की ते पातळीतल्या वाढीचा किती भाग समजावते हे त्याच बैठकीत आकड्याने पडताळायचे. शिवाय वहीत एक नवा रकाना आखला, ‘आजीकडून’. आजीला लिहिता येत नाही, म्हणून नियम ठरला की ठरलेल्या खाण्याबाहेर काही दिले तर तिने तेथे एक उभी रेघ ओढायची आणि त्याबद्दल कोणी तिला बोलायचे नाही. वडिलांना हा नियम पटला नव्हता. आजीला दोष न देता तिच्याकडून खरे कळावे, यासाठी मला तो आवश्यक वाटला.

एप्रिलअखेरीस पातळी ६.४ आली, मेमध्ये ४.९. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली आणि धाकटी पहिलीत गेली. तिच्या वर्गशिक्षिकेला डब्याविषयी आणि शाळेत शिजणाऱ्या खिचडीविषयी आईने समक्ष भेटून सांगितले आहे. जूनच्या अहवालात ५.१ आहे. त्या महिन्याच्या पानावर ‘आजीकडून’च्या रकान्यात तीन रेघा आहेत, त्यांतल्या दोन वटपौर्णिमेच्या दिवशीच्या.